मुदतीच्या तापाची मुदत

नांदुरा,
ऑगस्टअखेर

प्रिय भाचीबाई,

काल अकोल्याहून फोनवर विचारलंस, "मामा, रूममेटला दोन दिवस ताप आहे, विडाल निगेटिव्ह आली. म्हणजे टायफॉइड नाही ना?" तू शिकतेस डॉक्टरकी, मी साधा लॅबवाला, पण ह्याच प्रश्नात माझी नोकरी सरली, म्हणून लिहितो.

तुझी पणजी टायफॉइड म्हणत नसे. मुदतीचा ताप म्हणे. तीन आठवड्यांची मुदत. मायक्रोस्कोप न पाहिलेल्या माणसांनी जंतूची चाल बरोबर हेरली होती बघ. साल्मोनेला टायफी पाण्याबरोबर पोटात जातो. जठरातल्या आम्लातून जे तगतात ते लहान आतड्यातल्या पेयर्स पॅचेसमधून आत घुसतात. तिथे त्यांना गिळायला मॅक्रोफेज येतात, आणि हे बेटे त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतात! यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा, सगळीकडे गुपचूप वाढ. एक-दोन आठवडे माणूस शेतात जातो, बाजार करतो, त्याला पत्ता नसतो. मग जंतू पुन्हा रक्तात उतरतात तेव्हा थर्मामीटर शोधायचा. आपला पहिला दिवस तो त्यांचा दहावा-बारावा.

फर्नांड विडालनं 1896 मध्ये काढलेली तपासणी जंतू शोधतच नाही. शोधते शरीरानं केलेल्या अँटिबॉडी, आणि त्या दिसायला तापाचा आठवडा तरी जावा लागतो. दुसऱ्या दिवशी विडाल म्हणजे पेरणी करून उद्या कापूस वेचायला जाणं. शिवाय जुन्या तापानं, लशीनंही ती पॉझिटिव्ह येते. पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चरच, तेही अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. अशा बिनकामाच्या विडाल मीही शेकड्यानं लावल्या. चिठ्ठी यायची, मी लावायचो, गप्प बसायचो.

तिसरा आठवडा वाईट. त्याच पेयर्स पॅचेसवर व्रण होऊन कधी आतड्याला भोक पडतं.

आपल्या खारपाणपट्ट्यात पाणी जिभेनं पारखतात. बोअरचं खारट, म्हणून वाईट. जारचं गोड, म्हणून चांगलं. साल्मोनेलाला चव कुठे असते! आणि बरा झालेला एखादा पित्ताशयात जंतू घेऊन वर्षानुवर्षं ठणठणीत हिंडतो, पंगतीत वाढायलाही तोच पुढे.

रूममेटला आजच कल्चरला ने. पावसाळा आहे, मलेरिया-डेंग्यूचंही डॉक्टरांना विचार. गोळी सुरू झाली असेल तर तेही सांग, लपवू नका. रिपोर्ट आला की आधी मला कळव. मामी विचारतेय, रविवारी येतेस का.

तुझा,
मामा