मिशीवाला पाहुणा

तुम्ही म्हणाल, काय बाई हा विषय! मासा घ्यायचा तर ताजा की शिळा एवढंच आपण बघायचं. पण गेल्या वर्षी एका मिशीवाल्या माशावरून आमचं घर आठ दिवस ढवळून निघालं. आणि तो मासा खायचा नव्हता बरं का, काचेच्या टाकीत ठेवायचा होता.

त्याचं झालं असं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली तर तुला हवा तो मासा आणू, असा मी चिरंजीवांना शब्द दिला होता. मला वाटलं, मागून मागून सोनमासा मागेल. श्रेणी मिळाली आणि स्वारी मला आमच्या सांगलीतल्या एका दुकानात घेऊन गेली. "आई, हा!"

बोटाएवढा मासा. काळसर पाठ, कुशीवर पांढराशुभ्र पट्टा, गुलमोहरासारखी लाल शेपटी आणि तोंडाला लांब मिशा. नाव रेडटेल कॅटफिश, मूळ गाव दक्षिण अमेरिकेतली ॲमेझॉन नदी. किंमत साडेचारशे. खरं सांगते, मलाही मोह पडला. पर्स उघडता उघडता सहज विचारलं, "केवढा होतो हो हा?"

"टाकी असेल तेवढाच वाढतो, वहिनी."

माझा हात तिथंच थांबला. हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं.

मामंजी गेले त्या वर्षी सासूबाईंना विरंगुळा म्हणून आम्ही टाकी आणली. शेवाळ खातो म्हणून तिच्यात एक सकर सोडला. तोही मिशीवाल्यांच्याच गोतातला. आणला तेव्हा दोन इंचांचा, बघता बघता फूटभर झाला. वनस्पती उपटायचा, पाणी गढूळ करायचा. शेवटी एका रविवारी ह्यांनी न् मी बादलीतून नेऊन त्याला कृष्णेत सोडला. वर हातही जोडले. एका जिवाची सुटका केली, असंच तेव्हा वाटलं.

पुढं वाचण्यात आलं की २०२० मध्ये वाराणसीला गंगेत असाच सकर मासा सापडला. ह्याच्या अंगावर हाडांचं चिलखत असतं, त्यामुळं दुसरे मासे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. कोळ्यांची जाळी फाडतो, अंडी घालायला काठात बिळं करतो. आमचा एकटा काय वंश वाढवणार, अशी मी मनाची समजूत घातली. पण आमच्यासारखं पुण्य आणखी किती जणांनी जोडलं असेल, हो ना?

तेव्हा दुकानात काहीतरी सबब सांगून घरी आले आणि चौकशीला लागले. रेडटेल तीन-चार फूट वाढतो. नीट सांभाळला तर पंधरा वर्षंही जगतो. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्यात पाणी मावणार जेमतेम पन्नास लिटर. टाकीएवढाच वाढतो ही तर शुद्ध थाप. कोंडलेल्या जागी वाढ खुंटलीच, तर ती घाण पाण्यानं आणि आजारपणानं. शिवाय तोंडात मावेल तो मासा हा गिळतो. म्हणजे सासूबाईंच्या गप्पींची एका रात्रीत पंगत! त्यांनी एकेकीला नावं ठेवलीयत.

हे म्हणाले, "घेऊन टाक ग. मोठा झाला की बघू."

बघू म्हणजे कुणी बघायचं? आठवड्याला चौथाई पाणी बदलतं कोण? नळाचं पाणी रात्रभर बादलीत भरून ठेवतं कोण? सासूबाई मात्र हळूच म्हणाल्या, "पोराला दिलेला शब्द मोडू नकोस. माझ्या माशांचं काय घेऊन बसलीस." ते मला जास्त लागलं.

शेवटी मी मुलाला नाही म्हणून सांगितलं. "मग शब्द कशाला दिलास?" तो म्हणाला. ह्याला उत्तर नव्हतं. मी त्याला कृष्णेतल्या बादलीची गोष्ट सांगितली. तेव्हा तो फार लहान होता. तो काही बोलला नाही. जेवलाही नाही नीट.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यानं खडू घेतला आणि टाकीसमोर फरशीवर मोजून चार फुटांचा मासा काढला. मिशांसकट, अगदी हुबेहूब. डोकं दिवाणाखाली गेलं, शेपटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकली. बराच वेळ नुसता बघत बसला. मी दोन दिवस ती फरशी पुसली नाही.

मग मासा त्यानंच शोधला. हाही मिशीवालाच, पण आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातला, फार तर चार इंच होणारा. ह्याची गंमत म्हणजे हा उलटा पोहतो, पोट वर करून. इतर माशांची पाठ गडद न् पोट फिकं असतं, ह्याचं नेमकं पोटच जास्त काळं. त्याला सोबत लागते म्हणून तीन आणले. मिशा घासू नयेत म्हणून टोकदार खडी काढून बारीक वाळू घातली, आणि दिवसा लपायला नारळाची करवंटी पालथी ठेवली.

पहिल्याच रात्री सासूबाईंची हाक, "अगं धावा, मेला हा! उताणा पडलाय!"

"आजी, त्याची रीतच ती," म्हणत चिरंजीव हसून हसून लोळले.

आता दिवा मालवला की आजी-नातू त्या उलट्या मंडळींची वाट बघत बसतात. गप्पींची अगदी बारीक पिल्लं अधूनमधून कमी दिसतात मला. सासूबाईंनी अजून मोजलेली नाहीत, आणि मी काही सांगायला जात नाही.