विषय सुटत नाही, प्रश्न सुटतो

संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली: परीक्षेतल्या निबंधाबद्दल लिहा, पण आईवडिलांना कळेल असं. अट रास्त आहे, कारण मला सर्वांत जास्त फोन आईवडिलांचेच येतात. "मॅडम, मुलगी म्हणते निबंध विषय सोडून गेला. आता शून्य मिळणार का?" आयईएलटीएस, जीआरई, पीटीई या परीक्षांच्या लेखनाची तयारी करून घेणं आणि सरावाचे निबंध तपासणं हा माझा व्यवसाय. मुलांना व्याकरणाची धास्ती असते, स्पेलिंगची असते. पण झोप उडवते ती भरकटण्याची भीती.

आधी शून्याबद्दल. ते खोटं नाही, पण सरसकट खरंही नाही. जीआरईत दिलेल्या विषयाशी काही संबंधच नसलेल्या निबंधाला शून्य आहे. पीटीई अकॅडमिकमध्ये आशयाला शून्य पडलं, की त्या निबंधाच्या व्याकरणाचे आणि शब्दसंग्रहाचे गुणही जातात. आयईएलटीएसचा हिशेब वेगळा. तिथे टास्क टूमध्ये, म्हणजे निबंधाच्या भागात, साधारण 40 मिनिटांत किमान 250 शब्द लिहायचे असतात आणि परीक्षक चार निकषांवर वेगवेगळे बँड देतो: प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, मांडणीची सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. चौघांचं वजन सारखं. प्रश्नाच्या कडेकडेने गेलेलं उत्तर पहिल्या निकषात 4 वर येतं. बाकी तिन्हींत 7 असले, तर सरासरी सव्वासहा. एवढ्यानेही प्रवेश हुकू शकतो, पण याला शून्य म्हणत नाहीत.

विषयाशी काडीचाही संबंध नसलेले जे निबंध माझ्यासमोर आले, ते जवळजवळ सगळे पाठ केलेले होते. क्लासने 'हमखास येणारे' निबंध दिलेले, आलेला प्रश्न थोडा वेगळा, आणि मुलगा पाठांतर उतरवून मोकळा. उत्तर पूर्णपणे पाठ केलेलं असल्याचा पुरावा असेल, तर आयईएलटीएसमध्येही शून्य बँड आहे. स्वतः विचार करून लिहिणाऱ्याचा निबंध इतका दूर सहसा जात नाही. त्याचा विषय शाबूत असतो, निसटतो तो प्रश्न.

यंदाचा एक सरावाचा पेपर अजून मनातून जात नाही. मी दिलेला प्रश्न असा होता: पेट्रोल महाग करणं हा वाहतूक कोंडीवरचा सर्वांत चांगला उपाय आहे, हे तुम्हाला कितपत पटतं? सांगलीकडच्या एका मुलीने दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की तिचे वडील रिक्षा चालवतात. पेट्रोल वाढलं तेव्हा त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत, उलट तेवढंच घरी आणायला त्यांना जास्त वेळ रस्त्यावर राहावं लागलं. आणि हे सगळं तिने खोडलं होतं. खाली दुसरं लिहिलं होतं: प्रदूषण ही आज जागतिक समस्या आहे, झाडं लावली पाहिजेत, शासनाने जागृती केली पाहिजे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "घरचं लिहिलं म्हणजे विषय सोडला असं वाटलं, मॅडम." खोडलेल्या ओळी त्या प्रश्नाचं थेट उत्तर होत्या. किंमत वाढवून वाहनं कमी होतील, हे गृहीतकच त्यांनी हलवलं होतं. ठेवलेल्या ओळींत विषयाच्या आसपासचे सगळे शब्द होते आणि उत्तर कुठेच नव्हतं. खोडलेल्या मजकुराला गुण देता येत नाहीत. मी पहिल्या निकषात 5 दिले आणि ते देताना फार वाईट वाटलं.

ही भीती कुठून येते, हे मला वर्षानुवर्षं दिसतं आहे. आपल्या शाळेत निबंधाला विषय असतो, प्रश्न नसतो. 'पावसाळा', 'वृक्ष आपले मित्र', 'शेतकऱ्याचे मनोगत'. त्या विषयाबद्दल जे जे माहीत आहे ते सुंदर भाषेत गोळा केलं, की निबंध झाला. लेखनाचा तोही एक चांगला प्रकार आहे आणि मला तो प्रिय आहे. पण 'कितपत पटतं' असं विचारल्यावर बाजू घ्यावी लागते, हे त्यातून शिकायला मिळत नाही. मग मूल प्रश्नातले शब्द दर दोन ओळींनी पुन्हा लिहितं आणि सुरक्षित झाल्यासारखं वाटून घेतं.

इथे मला यंत्राबद्दल बोललंच पाहिजे. जीआरईचा निबंध एक माणूस तपासतो आणि ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेची ई-रेटर ही संगणकप्रणालीही तपासते. यंत्र भरकटणं ओळखतं कसं? डेरिक हिगिन्स, जिल बर्स्टीन आणि यिगल अट्टाली यांनी 2006 मध्ये एक पद्धत मांडली. निबंधातले शब्द दिलेल्या प्रश्नाच्या शब्दांशी ताडून पाहायचे, मग इतर अनेक प्रश्नांशीही ताडायचे. निबंध स्वतःच्या प्रश्नापेक्षा परक्या प्रश्नांच्या जास्त जवळ निघाला, तर संशय घ्यायचा. कल्पना हुशारीची आहे. पण ती शब्दांची जवळीक मोजते. उत्तर दिलं की नाही, हे तिला दिसत नाही. 2014 मध्ये एमआयटीचे लेस पेरेलमन आणि काही विद्यार्थ्यांनी बेबल नावाचा प्रोग्राम केला. दोनतीन शब्द दिले, की तो भारदस्त, व्याकरणशुद्ध आणि संपूर्ण निरर्थक निबंध तयार करतो. अशा निबंधांना यंत्रांनी चांगले गुण दिले. ईटीएसचं म्हणणं, जीआरईत माणूस सोबत असतोच. आणि 2018 मध्ये त्यांच्या संशोधकांनी बेबलचे निबंध ओळखण्याची पद्धतही प्रसिद्ध केली. माझा आक्षेप तरीही उरतो. प्रश्नातले शब्द घोळवण्याची जी सवय मोडायला मी मुलांच्या मागे लागते, तिलाच अशी मोजणी निर्दोष ठरवते. सांगलीच्या त्या मुलीच्या दोन परिच्छेदांपैकी या मोजणीला कुठला जास्त जवळचा वाटेल, याबद्दल मला शंका नाही.

माणसाच्या तपासणीबद्दलही मी पूर्ण निश्चिंत नाही. काही मुलांना लिहिता लिहिता मत सापडतं. चौथ्या परिच्छेदात त्यांचा विचार पालटतो, आणि बहुतेक वेळा तो आधीपेक्षा खरा असतो. 40 मिनिटांच्या परीक्षेत हीच विसंगती ठरते. अशा मुलांवर हा प्रकार अन्याय करतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मी त्यांना आधी पाच मिनिटं कच्चं लिहून मत शोधायला लावते आणि मगच निबंध सुरू करू देते.

बाकी सगळ्यांसाठी कसोटी एकच. प्रत्येक परिच्छेदानंतर विचारा: हा काढून टाकला, तर माझं उत्तर कमकुवत होईल का? होत असेल, तर त्यात वडिलांची रिक्षा असो की आजीचं शेत, तो विषयातच आहे. होत नसेल, तर त्यात प्रश्नातले सगळे शब्द असले तरी तो बाहेरचा आहे. आणि आईवडिलांनो, मूल परीक्षा देऊन आलं, की "विषय सोडला नाहीस ना?" असं विचारू नका. सरावाच्या दिवसांतच त्याला विचारा, "प्रश्न काय होता आणि तू काय उत्तर दिलंस?" दोन वाक्यांत त्याला ते सांगता आलं, तर भरकटण्याची चिंता सोडून द्या.