दोन स्वर, सात तास

जून 2022. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात व्हॅन क्लायबर्न स्पर्धेची उपांत्य फेरी चालू होती. 18 वर्षांचा युनचान लिम पियानोसमोर बसला आणि त्याने लिस्टचे बाराच्या बारा ट्रान्सेंडेंटल एट्यूड (तंत्राच्या सरावासाठीच्या रचना) सलग वाजवले. तासाभराचा मामला! त्यातला एकेक वाजवताना मुरलेल्यांनाही घाम फुटतो. पुढे अंतिम फेरीत रॅखमनिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवून सुवर्णपदक. या स्पर्धेचा तो सर्वांत लहान विजेता ठरला.

मूळचा दक्षिण कोरियाचा. पियानोला हात लागला तो सातव्या वर्षी, म्हणजे या दुनियेत तसा उशिराच.

त्याच्या रियाजाच्या तऱ्हा मात्र ऐकण्यासारख्या. शोपँच्या ओपस 25 मधला सातवा एट्यूड डाव्या हाताच्या एकट्या, चेलोसारख्या सुरावटीने सुरू होतो. त्यातल्या पहिल्या दोन स्वरांवर आपण सात तासांहून जास्त घालवले, असं त्यानेच सांगितलंय. बोटांना ते स्वर अवघड नाहीत. नवशिक्यालाही दाबता येतील. पहिला स्वर मनाला भिडल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही, हा त्याचा हट्ट. आणि लिस्टचं दान्तेवरचं सोनाटा वाजवायचं, तर दान्तेचं महाकाव्य पुन्हापुन्हा वाचून काढायचं!

हे वेड म्हणा. पण घड्याळ लावून पोरांना आठ-आठ तास बसवणाऱ्या पालकांनी एक लक्षात घ्यावं: त्या सात तासांसाठी त्याला कुणी बसवलं नव्हतं. 2024मध्ये त्याच शोपँ एट्यूडच्या अल्बमला ग्रामोफोन मासिकाचा पियानो पुरस्कार मिळाला.