चाकांवरचे घर आणि घाटाचा चढ

बेळगावकडच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत जाणारा ट्रॅक्टर आपण सर्वांनीच पाहिला आहे. त्याचा वेग कुणी विचारीत नाही. चढ चढला म्हणजे झाले. ऑस्ट्रेलियात आल्यापासून मला त्या ट्रॅक्टरची आठवण वारंवार होते. येथील कित्येक कुटुंबे सुटीत मोटारीमागे चाकांवरचे घरच जोडून निघतात. त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. आत बिछाने, चूल, पाण्याची टाकी, असा सारा संसार! आमचे हे घर सामानासह २००० किलो भरते, आणि ते ओढणारी डिझेल मोटारही जवळजवळ तेवढ्याच वजनाची आहे.

ब्रिस्बेनहून पश्चिमेस निघाले की टुवूंबाचा घाट लागतो. २०१९ साली तेथे सौम्य चढाचा नवा रस्ता झाला. जुन्या रस्त्याचा चढ मात्र सुमारे १० टक्के आहे. त्या चढावर मागून येणाऱ्या गाड्या आम्हांला ओलांडून जातात, आणि हे माझ्या मुलाच्या जिव्हारी लागते. इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवून घ्यावी, असा त्याचा हट्ट. असे करून देणारे कारागीर येथे पुष्कळ आहेत, आणि खर्चही फारसा नाही.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ४००० किलोंचे ओझे १० टक्क्यांच्या चढावर ताशी ६० किलोमीटर वेगाने न्यावयाचे, तर केवळ वर उचलण्यासाठीच सुमारे ८८ अश्वशक्ती खर्च होते. वारा व चाके यांचा विरोध वेगळाच. म्हणजे मुलाची तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

पण ही वाढीव ताकद यावयाची कोठून? रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात ठिणगी नसते. नुसती हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले इंधन पेटते. ताकद वाढविणे म्हणजे अधिक इंधन फवारणे. आणि ते पुरते जळावे म्हणून हवाही अधिक हवी. त्यासाठी टर्बोचार्जर असतो. धुराड्यातून बाहेर पडणारा तप्त वायू त्याचे एक चाक फिरवितो आणि त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबते. टाकाऊ वायूकडून असे काम करून घेण्याची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे. मला स्वतःला ती मूळ इंजिनाइतकीच मोलाची वाटते. इंधन वाढले पण हवा पुरली नाही, तर काळा धूर निघतो आणि उष्णता चढत जाते. पिस्टन असतो ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांवर वितळते! तेल व पाणी त्याला थंड ठेवतात खरे; पण रिकाम्या मोटारीला क्षणभर लागणारी ती जादा ताकद घर ओढताना दहा-दहा मिनिटे सलग लागते.

आणखी एक गोष्ट मुलाला पटविणे मला जड गेले. किती वजन ओढावे याची मर्यादा निर्माता ठरवितो, आणि ती इंजिनाची ताकद वाढविल्याने वाढत नाही. जोडाचा आकडा, चौकट व ब्रेक तेच राहतात. जेवढे ओझे वर नेले, तेवढेच उतरावयाचेही असते. उतारावर त्या ८८ अश्वशक्तीचा भार ब्रेकांवर आणि खालच्या गिअरवर येतो.

शेवटी आम्ही संगणकाला हात लावला नाही. हवेची गाळणी बदलली, गिअरपेटीच्या तेलासाठी निराळा शीतक बसविला, आणि टर्बोचार्जरच्या आधी वायूची उष्णता दाखविणारा तापमापक लावला. आता घाटात मुलगा शेजारी बसून आकडे मोठ्याने वाचतो. काटा ६०० च्या पुढे सरकला की मी गिअर खाली घेतो आणि डाव्या बाजूच्या संथ मार्गिकेत शिरतो.