घट, बाथटब आणि मिल्टन
(फ्लोरिडाची दैनंदिनी : भाग ४)

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४. सारासोटा

आज पाचवी माळ, पण घरात कुणाचं घटाकडे लक्ष नाही. समुद्राकडच्या गल्ल्यांमध्ये अकरा दिवसांपूर्वीच्या 'हेलेन'नं भिजवलेल्या गाद्या, सोफे अजून रस्त्याकडेला पडलेत आणि आता 'मिल्टन' निघालंय. काल दुपारी ते जेमतेम हरिकेन झालं होतं. आज दुपारपर्यंत पाचवी श्रेणी! संध्याकाळी वारे ताशी २९० किलोमीटर, केंद्रातला दाब ८९७ मिलिबार. एरवी समुद्रसपाटीला तो १०१३ च्या आसपास असतो. आकडा ऐकताच जावईबापू प्लायवूड आणायला निघाले.

"आजी, एवढी ताकद येते कुठून?" नातीनं विचारलं. म्हटलं, कुकरच्या वाफेचा चटका आठव. पाणी वाफ होताना जी उष्णता पोटात घेतं, ती वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. समुद्र साडेसव्वीस अंशांच्या वर तापला की वाफ भराभर वर चढते, उंचावर तिचे थेंब होतात, सुटलेल्या उष्णतेनं हवा आणखी वर उसळते. खाली दाब उतरतो, चहूकडून हवा धावून येते आणि येताना नवी वाफ आणते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिला पीळ बसतो, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट. वरचे वारे आडवे आले तर भोवरा मोडतोही. या आठवड्यात मेक्सिकोच्या आखाताचं पाणी तिशीच्या घरात आहे. चूल पेटलेलीच होती.

चक्रीवादळ म्हणा, टायफून म्हणा, प्राणी एकच. २०२० च्या ३ जूनला 'निसर्ग'नं श्रीवर्धनला आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या, तेव्हा वारे ताशी ११० च्या आसपास होते. २९० म्हणजे काय, याचा विचारच केला नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

पेट्रोल संपलं. उत्तरेकडचा महामार्ग गाड्यांनी तुंबलाय. इथली रीत अशी, की पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं. किनाऱ्यापासूनच्या पट्ट्यांना अ, ब, क अशी अक्षरं दिलीत. आमचं घर कुठल्याच अक्षरात नाही, म्हणून थांबलो.

बुधवार, ९ ऑक्टोबर

संडासात ओतायला बाथटब भरून ठेवला. घरात बिनखिडकीची जागा एकच, कपड्यांची खोली. घटही तिथेच हलवला. अखंड दिव्यावरून लेकीशी वाजलं. "आई, कपड्यांत उघडी ज्योत नको." शेवटी बॅटरीचा दिवा. देवीला चालेल, मला चालला नाही.

साडेआठच्या सुमाराला सिएस्टा की बेटावर ते जमिनीला लागलं. आता श्रेणी तिसरी, वारे ताशी १९५. वीज त्याआधीच गेली होती. आवाजापेक्षा मला धास्ती बसली ती कमोडमधल्या पाण्याची. ते आपोआप वर चढायचं, खाली जायचं, जणू कुणी श्वास घेतंय. छपरावरच्या नळीच्या तोंडावरून वारा झोडपत जातो, त्याची ती ओढ. कानांना दडे बसले. छपरावर काहीतरी घसरत गेलं.

मग वारा पडला. डोळा! जावयांनी दार किलकिलं केलं. चुरडलेल्या पाल्याचा उग्र हिरवा वास आत आला. भिंतीला पानांचा लगदा थापल्यासारखा चिकटलेला. लेक ओरडली, "दार लावा!" थोड्या वेळानं वारा उलट्या बाजूनं आला. मघाशी शांत असलेल्या खिडक्या आता थडथडू लागल्या.

गुरुवार, १० ऑक्टोबर

पहाटे ते अटलांटिकवर निघून गेलं. राज्यभर तीस लाखांहून जास्त वीजग्राहक अंधारात आहेत. उत्तरेला सेंट पीटर्सबर्गात अठरा इंचांहून अधिक पाऊस झाला आणि स्टेडियमचं कापडी छत चिंध्या होऊन लोंबतंय. ज्या टँपा उपसागराची सगळ्यांना धास्ती, तिथलं पाणी मात्र ओसरलं. केंद्र दक्षिणेकडून गेल्यामुळे तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला. केंद्राच्या दक्षिणेला नेमकं उलट झालं, समुद्र वस्तीत शिरला. थोडं इकडेतिकडे झालं असतं तर... आणि पार पूर्व किनाऱ्यावर, वादळाच्या आधीच उठलेल्या टोर्नेडोंनी माणसं मारली. तिकडे कोण बघत होतं?

दुपारी घट बाहेर आणला. धान टीचभर उगवलंय. जराशी पिवळट छटा आहे, आणि सगळं दाराच्या फटीकडे कललंय. नात म्हणाली, "आजी, आता खरा दिवा लावूया?" काडेपेटी कुठे ठेवली, ते कुणालाच आठवेना.

(क्रमशः)