नाव नसलेली नौका

अमेरिकेत ओहायो नदीकाठी इव्हान्सव्हिल नावाचे शहर आहे. तेथे मी एक युद्धनौका पाहिली. तिला नाव नाही, नुसता क्रमांक : एलएसटी ३२५. लांबी ३२८ फूट आणि रूप म्हणाल तर तरंगत्या कोठारासारखे!

तारू वाळूत रुतणे म्हणजे तांडेलाच्या जिवाला घोर. ही नौका मात्र रुतण्यासाठीच बांधलेली. सपाट तळाने किनाऱ्यावर चढायचे, पुढचे दरवाजे उघडून रणगाडे उतरवायचे, आणि येताना मागे टाकलेल्या नांगराचा दोर ओढीत पुन्हा पाण्यात सरकायचे. १९४३ साली सिसिली, सालेर्नो. १९४४ साली नॉर्मंडी. त्या डिसेंबरात बुडणाऱ्या 'एम्पायर जॅव्हलिन'वरचे सुमारे ७०० जीव हिनेच वाचवले.

१९६४ साली ती ग्रीसकडे गेली आणि १९९९ साली निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी काही माजी नौसैनिक तिला न्यायला क्रीटला पोहोचले. सरासरी वय ७२! गुडघे कुरकुरणाऱ्या त्या मंडळींनी अटलांटिक ओलांडून जानेवारी २००१ मध्ये तिला मोबील बंदरी आणले.

युद्धकाळात इव्हान्सव्हिलने अशा १६७ नौका बांधल्या. ही त्यांतली नव्हे. हिचे माहेर फिलाडेल्फिया. तरी २००५ साली या शहराने तिला आपल्या घाटावर जागा दिली. आपल्या लेकी जगभर पांगल्या, की त्यांच्या चेहऱ्याची परकी पोरही घरचीच वाटते.