शेंगा फोडणारं एन्झाइम

मायकेलिस-मेंटेनचा आलेख बायोकेमिस्ट्रीचे विद्यार्थी झोपेतून उठवलं तरी काढून दाखवतात. आधी सरळ चढणारी, मग वाकणारी आणि शेवटी जवळजवळ आडवी होणारी रेघ. ती आडवी का होते, असं विचारलं की मात्र सगळे वहीत बघू लागतात. ‘एन्झाइम सॅच्युरेट होतं, मॅडम,’ असं कुणीतरी म्हणतं. सॅच्युरेट म्हणजे काय, असं पुढे विचारलं तर तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात येतं.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.ला हा विषय शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका माझ्या ओळखीच्या. त्यांनी यावर भुईमुगाच्या शेंगांचा उतारा काढला आहे. ‘एकदा बघायला या,’ म्हणाल्या म्हणून गेलो. बघणं राहिलं बाजूला, मुलांनी मलाच एन्झाइम केलं.

प्रयोगशाळेच्या टेबलावर खडूनं एक मोठा चौकोन आखलेला. त्यात शेंगा विखुरलेल्या. एन्झाइमच्या डोळ्यांवर ओढणी बांधतात. त्यानं हातानं चाचपत शेंग शोधायची, फोडायची, दाणे वाटीत टाकायचे आणि पुढची शोधायची. वेळ अर्धा मिनिट. एक शेंग फुटली की शेजारी उभी असलेली मुलगी चौकोनात दुसरी टाकते, म्हणजे सब्स्ट्रेटचं प्रमाण घटत नाही. खऱ्या प्रयोगात हीच अडचण टाळण्यासाठी अभिक्रियेचा सुरुवातीचा वेग मोजतात, हे तिथं मुद्दाम सांगावं लागलं नाही.

चौकोनात चारच शेंगा होत्या तेव्हा माझा बहुतेक वेळ नुसतं टेबल चाचपण्यात गेला. आठ झाल्या तसा वेग वाढला, सोळा झाल्या तसा आणखी. पुढे हात टेकवावा तिथं शेंग लागू लागली, पण फोडायला लागायचा तो वेळ लागतच होता. शेंगा दुप्पट केल्या तरी वाटीतल्या दाण्यांत फारसा फरक पडेना. फळ्यावर एकेक ठिपका मांडणाऱ्या मुलाचा खडू आता आडवाच सरकत होता. शोधण्याचा वेळ जवळजवळ शून्यावर आला की उरतो तो फोडण्याचा वेळ, आणि तोच व्ही-मॅक्स ठरवतो. त्याच्या निम्मा वेग ज्या प्रमाणाला मिळतो, ते के-एम. माझा व्ही-मॅक्स वर्गात सर्वांत कमी भरला. आपल्या रक्तपेशींतलं कार्बोनिक अॅनहायड्रेज एका सेकंदात साधारण दहा लाख रेणूंचा निकाल लावतं, हे मॅडमनी नेमकं तेव्हाच सांगितलं.

मग सेलोटेप निघाली. टेप गुंडाळलेल्या काही शेंगा चौकोनात मिसळल्या. हाताला त्या खऱ्यासारख्याच लागतात, पण अंगठा घसरतो आणि त्या परत टाकाव्या लागतात. वेग पडला. खऱ्या शेंगा भरपूर ओतल्या तेव्हा पूर्ववत झाला. पुढच्या खेपेला टेप शेंगांना न लावता माझ्याच अंगठ्याला गुंडाळली. आता ढीग ओतला तरी वेग काही वर येईना. स्पर्धक आणि अस्पर्धक अवरोधक हे प्रकरण मुलांनी आदल्या आठवड्यात तासभर ऐकलेलं होतं. अंगठ्याला टेप लावल्यावर मागच्या बाकावरचा एकजण मोठ्यानं ‘अच्छा!’ म्हणाला.

टरफलांचा ढीग पडल्यावर ‘आम्ही शेंगा खाल्ल्या नाहीत’ हे ओघानं आलंच. पण त्या दिवशी सगळ्यांनी खाल्ल्या होत्या, त्यामुळे टिळकांचा आधार कुणालाच घेता आला नाही.

डोळे बांधणं ही गंमत नव्हे. रेणूला डोळे नसतात, त्याला सब्स्ट्रेट ‘हवा’ही नसतो, जे होतं ते धडका बसून होतं. कॅनडातला परिसरशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यानं भक्षक आणि भक्ष्य यांचा हिशेब मांडताना हेच केलं होतं. डोळे बांधलेल्या मदतनिसाला त्यानं टेबलावर टाचलेल्या सँडपेपरच्या चकत्या चाचपून उचलायला लावल्या. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेलं त्याचं समीकरण आणि लिओनोर मायकेलिस व मॉड मेंटेन यांनी 1913 मध्ये साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेजवरून मांडलेलं समीकरण, दोन्हींचा घाट एकच आहे.

अशा खटपटी नव्या नाहीत. स्टॅनफर्डमध्ये 1971 साली शेकडो विद्यार्थी मैदानात उतरले आणि प्रथिननिर्मिती नाचून दाखवली. माणसांचाच रायबोसोम, फुग्यांची अमिनो आम्लं. पुढे नोबेल मिळवलेले पॉल बर्ग त्या फिल्मच्या सुरुवातीला फळ्यापाशी उभे राहून गंभीर चेहऱ्यानं विषय समजावतात. लंडनच्या हॅरल्ड बॉम यांनी चयापचयाचे मार्ग लोकप्रिय चालींवर बसवले; 1982 च्या त्यांच्या गीतसंग्रहाला खुद्द हान्स क्रेब्ज यांची प्रस्तावना आहे. मला गाण्यांपेक्षा तो नाच पटतो. गाण्यानं क्रम पाठ होतो, पण एखादी पायरी अडली तर पुढे काय तुंबेल, हे गाणं सांगत नाही. त्या फिल्ममधली गर्दी, रेटारेटी आणि गोंधळ पेशीतल्या वस्तुस्थितीच्या बराच जवळ जातो.

याचा उपयोग होतो का, असं विचारणारे सहकारी प्रत्येक विभागात असतात, आणि त्यांनी विचारायलाच हवं. वॉशिंग्टन विद्यापीठातले स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापासांचं प्रमाण सरासरी 33.8 टक्के, तर मुलांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के निघालं. अर्थात या दुसऱ्या गटात चर्चा, गटकार्य असं बरंच काही येतं. शेंगांना त्यातलं श्रेय किती, ते त्यावरून ठरत नाही.

मॅडमचा खरा डाव परीक्षेत कळतो. ‘हा खेळ कुठे खोटं बोलतो ते लिहा,’ असा पाच गुणांचा प्रश्न त्या घालतात. बहुतेक मुलं लिहितात की एन्झाइम थकत नाही, शेंगा फोडणाऱ्याचा अंगठा दुखतो. काहीजण तापमान आणि सामू यांची आठवण काढतात. एका मुलीनं लिहिलं होतं की एन्झाइम अभिक्रिया दोन्ही दिशांनी सारखीच वेगवान करतं, इथं मात्र दाणे परत टरफलात बसवता येत नाहीत. तिला पाचपैकी पाच मिळाले आणि पुढच्या वर्षीचा खेळ बसवण्याचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.